मूळ रंग कोणता? जुनी मोटार आणि ‘ओरिजिनल’ नावाचा शब्द

मागे ऐकू येतंय ना? बरं.

मागच्या महिन्यात मी माझी गाडी विकायला काढली. १९६६ सालची फियाट ११०० डी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, आणि क्लच दाबला की गुडघाही आपलं मत मांडतो. म्हटलं, आता पुरे. एका परिचितांकडून कळलं म्हणून एका तरुणाचा फोन आला. नाव-गाव झालं, आणि त्याचा पहिलाच प्रश्न: ‘‘सर, गाडी ओरिजिनल आहे ना?’’

तीस वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवलं. सत्य, सत्ता, तादात्म्य असल्या शब्दांवर वर्गात तासन् तास बोललो. आणि या साध्या प्रश्नाला मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. ‘‘दोन दिवसांनी फोन करतो,’’ म्हणून मी फोन ठेवला. किंमत वाढवायचा डाव आहे असंच त्याला वाटलं असणार. तर आजचं व्याख्यान म्हणजे त्या फोनचं जरा लांबलेलं उत्तर आहे असं समजा.

मी ही गाडी घेतली २०१२ साली, निवृत्तीनंतर. माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे अशीच फियाट होती, साईच्या रंगाची. ती दारात उभी राहिली की घरात कुणाला तरी बरं नाही असं समजायचं, आणि तरीही आम्ही पोरं आनंदानं तिच्याभोवती जमायचो. ते वेड पोटात राहिलं. विकणाऱ्यानं मला सांगितलं, ‘‘ऑल ओरिजिनल आहे सर. एकाच घरातली. कुणी हात लावलेला नाही.’’ आर.सी. बुक डुप्लिकेट होतं, मूळ हरवलं म्हणाला. इंजिनाचा नंबर जुळत होता. रंग साईचा होता. मी आणखी काय बघणार? गाडी घेतली.

आता या शब्दाकडे बघू. जुन्या गाडीच्या बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द लग्नाच्या जाहिरातीतल्या ‘सुस्वरूप’सारखा वापरतात. म्हणजे सगळेच असतात. पण नीट ऐकलं तर त्यात निदान तीन वेगळे दावे एकमेकांत मिसळलेले सापडतात. एक, गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसते. दोन, तिचे भाग तेच आहेत, बदललेले नाहीत. तीन, तिला कुणी दुरुस्त केलेलं नाही, जे आहे ते काळानं झालेलं आहे. हे तिन्ही एकत्र असू शकतात असं आपण गृहीत धरतो. पण चालवलेल्या गाडीत ते असू शकत नाहीत. दिसणं कारखान्यासारखं ठेवायचं तर रंग पुन्हा मारावा लागतो, म्हणजे तिसरा दावा गेला. भाग तेच ठेवायचे तर गाडी चालवायची नाही, म्हणजे ती मोटार राहिली कुठे? टायर, बॅटरी, ब्रेकची रबरं, फॅनचा पट्टा, पंपातला पडदा, सगळं संपतं. एवढंच काय, पेट्रोलसुद्धा ते राहिलेलं नाही. २००० सालापासून आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. ज्या पेट्रोलवर हे इंजिन आखलं होतं ते पेट्रोलच आता पंपावर मिळत नाही.

हा प्रश्न जुना आहे, तुम्ही ऐकलाही असेल. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये राजा मिलिंद रथातून येतो आणि भिक्षू नागसेन त्याला विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग तू कशातून आलास? गंमत बघा, या देशातली तादात्म्याची सगळ्यात प्रसिद्ध चर्चा वाहनावरच झालेली आहे. नागसेनाचं उत्तर असं, की या सगळ्या भागांच्या आधारानं ‘रथ’ हे नाव चालतं; त्या पलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. आमचे नैयायिक उलट टोकाचे. त्यांच्या मते अवयवी ही अवयवांपेक्षा वेगळी वस्तू आहे, पण कापडातला एक धागा काढलात की ते कापड संपलं आणि नवं कापड उत्पन्न झालं. म्हणजे वायपर बदलला की नवी गाडी! आर.टी.ओ.त नैयायिक बसत नाहीत हे आपलं नशीब.

ग्रीकांकडे थीसिअसचं जहाज आहे. प्लूटार्कनं सांगितलेलं. फळ्या कुजतील तशा बदलत गेले, मग जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात एक खोडी काढली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून दुसरं जहाज बांधलं तर? वर्गात हे कल्पनेतलं वाटतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात ते रोजचं आहे. एका गाडीचे दरवाजे, दुसरीचं इंजिन, तिसरीची कागदपत्रं.

पण मला आज तुम्हाला नागसेनापेक्षा एका इंग्रज न्यायाधीशाकडे न्यायचं आहे, कारण त्याच्यासमोर हा प्रश्न पैशांसकट आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची एक बेंटली आहे. स्पीड सिक्स जातीची. फ्रान्समधली ल मानची चोवीस तासांची शर्यत तिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो चालवणाऱ्यांत होता. पुढे तिच्यात आठ लिटरचं मोठं इंजिन बसवलं. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला, त्यात चालक क्लाइव्ह डन्फी गेला. उरलेल्या गाडीवर नवं शरीर चढवून ती रस्त्यावर आणली गेली. मग अनेक मालक, अनेक दुरुस्त्या. अखेर ती एक कोटी पौंडांना विकायचा सौदा ठरला, आणि घेणारी कंपनी मागे हटली. म्हणाली, ही ती गाडीच नव्हे. विकणारा कोर्टात गेला. १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर खटला उभा राहिला.

आता कल्पना करा, एक न्यायाधीश साक्षीपुराव्यानं ठरवतोय की एखादी वस्तू ‘ती’ आहे की नाही. त्यांनी अगदी भागवार हिशेब केला. १९२९ ची जी गाडी कारखान्यातून निघाली, तिचं जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. १९३० च्या गाडीतलं गिअरबॉक्सचं कवच, स्टिअरिंगचा दांडा, असं थोडं. बाकी बरंचसं १९३२ च्या अवतारातलं. या हिशेबानं खरं तर गाडी संपली होती. पण न्यायमूर्तींनी निकाल दिला विकणाऱ्याच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, माझ्या शब्दांत सांगतो: ही गाडी ‘ओरिजिनल’ म्हणता येणार नाही, पण ती अस्सल आहे, कारण तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही. ती कुठल्याही एका दिवशी नाहीशी होऊन दुसऱ्या दिवशी नव्यानं जन्मली नाही. प्रत्येक टप्प्यावर ती ओल्ड नंबर वनच होती, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती.

मला हा निकाल फार आवडतो, पण पूर्ण पटत नाही. आवडतो, कारण त्यांनी ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ यांची फारकत केली. आपल्याकडे या दोन शब्दांचा गोंधळ फक्त गाड्यांत नाही, पाककृतींत आहे, घराण्याच्या गायकीत आहे, वाड्यांच्या जीर्णोद्धारात आहे. न पटण्याचं कारण असं: अखंड इतिहास पुरेसा म्हटलं, तर तो इतिहास कुणी सांगायचा? बेंटलीच्या बाबतीत नोंदी होत्या, छायाचित्रं होती, श्रीमंत लोकांना श्रीमंत वस्तूंची आठवण ठेवायची सवय असते. गॅरेजमध्ये कोण लिहून ठेवतं? मिस्त्रीच्या हातात इतिहास असतो, पण त्या हाताला कुणी साक्षीला बोलावत नाही.

दुसरी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत पेबल बीचला दरवर्षी जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. वर्षानुवर्षं तिथे पहिला मान मिळायचा तो घासूनपुसून नव्याहून नव्या केलेल्या गाडीला. २०२४ मध्ये पहिल्यांदा तो एका न रंगवलेल्या, काळानं थकलेल्या गाडीला मिळाला: १९३४ ची बुगाटी टाइप ५९. लोकांनी म्हटलं, अखेर ओरिजिनल जिंकलं. पण ती ग्राँप्री शर्यतीची गाडी होती, कारखान्यानंच तिची नंतर रस्त्यावरची स्पोर्ट्स गाडी केली, आणि बेल्जियमच्या राजानं, तिसऱ्या लिओपोल्डनं, ती घेतल्यावर तिला काळा रंग आणि पिवळी पट्टी आली. म्हणजे ज्याला आपण जपलं ते तिचं पहिलं रूप नव्हे, मधलं आहे. आणि तेच योग्य आहे! ऑस्ट्रियन कलाइतिहासकार आलॉइस रीगल यानं १९०३ मध्येच हा भेद केला होता: एखाद्या वास्तूला इतिहासाचा पुरावा म्हणून एक मूल्य असतं आणि तिच्या अंगावर दिसणाऱ्या वयाचं वेगळं मूल्य असतं. पहिल्यासाठी आपण वस्तू राखतो, दुसऱ्यासाठी तिला सोडून देतो. दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत.

आता आपल्या फियाटकडे येऊ. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात फियाटच्या गाड्या तिथे जोडल्या जाऊ लागल्या. त्यातली ती गोलमटोल ११००, जिला मुंबईनं ‘डुक्कर फियाट’ असं नाव ठेवलं आणि प्रेमानं वापरलं. १९६४ पासून ११०० डी. पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली, सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाली, आणि शतक संपेपर्यंत थोड्याफार फरकानं बनत राहिली. इटलीतल्या ११०० डी मध्ये इंजिन १२२१ सी.सी.चं होतं, आपल्याकडे १०८९ चं. मग ओरिजिनल कोणतं? इटलीत ही गाडी काही वर्षांत मागे पडली. इथे ती पस्तीस वर्षं जगली, कारण आपण तिच्याकडून फार मागितलं नाही आणि तिला फार बदललं. स्टिअरिंगचा गिअर काढून खाली बसवला, बाकासारखी सीट काढून दोन वेगळ्या सीटा घातल्या, टॅक्सींना सी.एन.जी. लावला. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली गाडी माणूस टाकून देत नाही. इंजिन बोअर करतो, पुन्हा बोअर करतो, आणि मुलाला देतो. ही गाडी ज्या देशात टिकली तिथे ती हात लावल्यामुळे टिकली. ‘कुणी हात लावलेला नाही’ ही इथे स्तुती नाहीच. ती फारतर गोठ्यात झाकून ठेवलेल्या गाडीची हकिकत आहे.

आणि आता आपला कायदा. २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नोंदणीचे वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अशी अक्षरं. रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला नेणं, एवढंच. इथपर्यंत ठीक. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू चांगला आहे, मी कुचेष्टा करत नाही. नाहीतर उद्या कुणीही जीपला दोन पितळी दिवे लावून वारसा म्हणेल. पण फियाट ११०० ला वेगळी चेसिस नाही, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. दाराखालचा गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, तर तो मोठा फेरबदल की देखभाल? नियमाच्या मनात एक क्षण आहे, कारखान्याच्या दारातला, आणि पुढची पन्नास वर्षं ही फक्त त्या क्षणापासूनची घसरण आहे.

माझ्या गाडीचं काय झालं ते आता सांगतो. दोन पावसाळे गेले आणि डाव्या दाराखाली रंगाला फुगे आले. बोट लावलं तर आत गेलं. पत्रा नव्हताच, पुट्टी होती. गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यांनी पॉलिश पेपरनं एक हातभर जागा घासली आणि मला हाक मारली, ‘‘सर, इकडे या जरा.’’

साईच्या रंगाखाली निळा होता. निळ्याखाली काळा. आणि काळ्याखाली फक्त प्रायमर. मग त्यांनी छताचा एक कोपरा घासला. साई, निळा, आणि खाली पिवळा. पिवळ्याखाली पुन्हा प्रायमर. माझ्याकडे बघून ते हसले. ‘‘टॅक्सी आहे सर.’’ डाव्या मडगार्डजवळ पुट्टीनं बुजवलेली भोकंही सापडली, मीटरच्या ब्रॅकेटची. एकाच घरातली, कुणी हात न लावलेली माझी गाडी मुंबईत भाडी मारून आली होती. जन्मापासून.

मला राग आला. फसवलं गेल्याचा राग होता, तो रास्तच होता. पण नंतर मी जे केलं ते रास्त नव्हतं. मिस्त्रींनी विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, सगळं पत्र्यापर्यंत घासा आणि कंपनीसारखी साईच्या रंगाची करा. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो माझ्या कानात अजून आहे: ‘‘ही भोकं वेल्ड करून टाकू की ठेवू?’’ मी म्हटलं, टाका.

बघा काय झालं. तिचा मूळ रंग, म्हणजे जो शब्दशः पहिला होता तो, काळा-पिवळा होता. मी ‘ओरिजिनल’ करण्याच्या नावाखाली तोच घासून काढला आणि तिला असा रंग दिला जो बहुधा तिला पहिल्यांदा खोटं बोलण्यासाठी लावला गेला होता. विकणाऱ्यानं टॅक्सी झाकली. मी ती नाहीशी केली. झाकलेलं निदान खाली शिल्लक असतं. आणि हे मी कुणासाठी केलं? गाडीसाठी नाही. आमच्या डॉक्टरांच्या गाडीसाठी, म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या डोळ्यांसाठी. गाडीचं मूळ रूप म्हणून मी जे शोधत होतो ते माझंच होतं. मला वाटतं बाजारातला ‘ओरिजिनल’ बहुतेक वेळा हाच असतो. त्यात थोडी प्रतिष्ठेची भरही असते, तीही कबूल करतो. डॉक्टरांची फियाट म्हणजे वारसा, टॅक्सी म्हणजे धंदा, हे मी न बोलता धरून चाललो होतो. तीस वर्षं वर्गात नागसेन शिकवलेला माणूस.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले, एखादी तरी संग्रहालयात ठेवा अशी मागणी झाली. मी तो पेपर वाचत होतो आणि खाली पार्किंगमध्ये माझी साईच्या रंगाची गाडी उभी होती. त्या दिवशी मी खाली जाऊन छताचं अस्तर एका कोपऱ्यात उचकटून पाहिलं. आतल्या बाजूला, एका आडव्या पट्टीवर, चार बोटं पिवळा रंग शिल्लक आहे. मिस्त्रींचा कागद तिथे पोचला नव्हता.

तेव्हापासून मी एक वही केली. मिस्त्रींना चहाला बोलावून आठवेल ते सगळं विचारून लिहिलं: कुठला पत्रा कापला, कुठल्या थराखाली काय होतं, कार्ब्युरेटर कुणाच्या गाडीतला, मागची काच कधीची. त्यांची सही घेतली. ते म्हणाले, ‘‘सर, याला काय किंमत येणार?’’ मी व्हिंटेज नोंदणीचा अर्जही भरला नाही. ‘मूळ स्वरूपात’ या शब्दांखाली सही करताना हात थांबला. यात फार मोठा बाणेदारपणा आहे असं नाही, वीस हजारही वाचले.

तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घ्यायला निघाला असाल तर माझ्याकडून दोन गोष्टी ऐका, त्या तत्त्वज्ञानाच्या नाहीत. रुमालात गुंडाळलेलं चुंबक बरोबर ठेवा. दाराखाली, चाकांच्या कमानींवर, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याशी लावून बघा. जिथे ते घसरून पडेल तिथे पुट्टी आहे. आणि पायपुसणं उचला, दाराच्या बिजागरीच्या आत बघा, अस्तराखाली बघा. मालक बाहेरचा रंग बदलतात. तिथे सहसा कुणी जात नाही. डुप्लिकेट आर.सी. बुक दिसलं तर जुने मालक कोण, हे आधी विचारा. आणि विकणाऱ्याला ‘ओरिजिनल आहे का’ असं विचारूच नका, तो हो म्हणणार. ‘काय काय बदललंय’ असं विचारा. जो अर्धा तास बोलेल त्याची गाडी बघायला जा.

त्या तरुणाला मी परवा फोन केला. हे सगळं सांगितलं, वहीसकट. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे किंमत कमी होईल ना सर?’’ मी म्हटलं, होईल. मग त्यानं विचारलं, ‘‘मी पुन्हा काळी-पिवळी केली तर?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तिला परत मिळालेलं रूप असेल की तिसरं सोंग, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. आणि खासगी गाडी टॅक्सीच्या रंगात फिरवली तर आर.टी.ओ. काय म्हणेल हा प्रश्न वेगळाच.

रविवारी तो गाडी बघायला येतोय. येताना चुंबक घेऊन ये, असं मीच सांगितलंय. प्रश्न असतील तर घेऊया, पाणी द्या जरा.